मढीच्या यात्रेतली पंचायत

फाल्गुन लागला की पाथर्डी तालुक्यातल्या सगळ्या गाडीवाटा मढीकडे वळायच्या. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा चालायची, आणि त्यातही रंगपंचमीचा दिवस मोठा, कारण तो नाथांच्या समाधीचा. रब्बीची ज्वारी, हरभरा घरात आलेला असायचा. निदान ज्या वर्षी पाऊस झाला त्या वर्षी तरी. ७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला गेली होती. त्या फाल्गुनात यात्रा ओस पडेल असं मोठ्यांना वाटलं होतं, पण ती भरली. माणसं मिलोच्या भाकरी बांधून आली आणि खडीवर मिळालेल्या पैशातून नाथाला रेवडी घेऊन गेली.

आमचं गाव मढीपासून बैलगाडीच्या टप्प्यात. पहाटे निघालो की ऊन चढायच्या आत गड दिसायचा. गडाची गोष्ट दर वर्षी नव्यानं सांगितली जायची. औरंगजेबाच्या कैदेतून शाहू महाराज सुटावेत म्हणून येसूबाईंनी नवस बोलला, तो फळला, मग गडाची बांधणी झाली आणि अठरापगड जातींनी त्यासाठी दगड वाहिले. म्हणून होळीचा मान गोपाळांचा, मानाची काठी कैकाड्यांची. इतिहासाच्या कसोटीवर यातलं किती टिकेल ते इतिहासकार ठरवोत. पण एरवी गावाबाहेर पालं ठोकणाऱ्या, गावात शिरताना पाटलाला विचारणाऱ्या माणसांना वर्षातून पंधरा दिवस एका देवळाच्या दारात पहिला मान मिळायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोपाळ, वैदू, कैकाडी, घिसाडी, वडार, कोल्हाटी सगळे येत. भटक्यांची पंढरी म्हणत मढीला, ते उगीच नाही.

गाढवांचा बाजार ही आम्हा पोरांची खरी यात्रा. गुजरातेकडून आलेली काठेवाडी गाढवं उंच, पांढरट. आपली गावरान बुटकी, राखाडी. व्यापारी गाढवाचा जबडा फाकवून दात बघायचा आणि दुवान, चौवान, अखंड अशी वर्गवारी करत भाव ठरवायचा. गडाच्या पायथ्याला दुकानांच्या रांगा लागायच्या. आजीची खरेदी ठरलेली होती. कुंकू आणि बुक्का अत्ताराकडून, विड्याची पानं तांबोळ्याकडून, नातींच्या बांगड्या मण्याराकडून, आणि परतताना बागवानाकडची द्राक्षं. अत्तार तिला ‘आक्का’ म्हणायचा आणि कुंकवाची पुडी बांधून झाल्यावर चिमूटभर जास्तीचं वरून टाकायचा. आजी देव्हाऱ्यातल्या देवांना वर्षभर तेच कुंकू लावायची. अत्ताराचा धर्म कोणता, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण कुंकवाची पुडी बांधून घेताना त्याचा काही संबंध तिच्या मनात यायचा नाही. नाथांनाही दोन नावं होतीच. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या गॅझेटिअरात या स्थानाची नोंद कान्होबा आणि शाह रमजान माहीसवार अशा दोन्ही नावांनी आहे. त्यावरून पुढे कज्जेही झाले, पण यात्रेतल्या माणसांच्या तोंडी दोन्ही नावं होती.

इथवर सांगितलं तर ती यात्रा सोन्याची वाटेल. ती तशी नव्हती, आणि ते आज सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच यात्रेत जातपंचायती बसत. वर्षभर गावोगाव फिरणारी जमात मढीला एकत्र यायची, म्हणून वर्षभराचे तंटे इथं सुटायचे. मढीला भटक्यांचं सर्वोच्च न्यायालय म्हटलं जाई. लहानपणी वडिलांबरोबर बाजारातून परतताना एका झाडाखाली अशी पंचायत बसलेली मी पाहिली. मधे गोल करून पंच बसलेले, बाहेर पुरुषांचं कडं, आणि कड्याच्या तोंडाशी एक बाई सकाळपासून उभी. दुसऱ्या जमातीतल्या माणसाच्या घरात ती राहून आली, एवढंच आम्हाला कळलं. तिच्या बापानं डोक्याचं मुंडासं काढून पंचांपुढे ठेवलं होतं. दंड ठरला, आणि तो भरण्यासाठी त्याचं गाढव त्याच बाजारात विकलं गेलं. दंड भरला नसता तर वाळीत. वाळीत म्हणजे सोयरीक बंद, मयताला खांदा बंद, पालाला पाल लावणं बंद. जिथं उकळत्या तेलातून नाणं काढून खरेपणा सिद्ध करायला लावतात, अशाही पंचायतींबद्दल मोठी माणसं हलक्या आवाजात बोलत. वाटेच्या कडेला बंदोबस्ताचा हवालदार उभा होता. वडिलांनी त्याला काही विचारलं. तो म्हणाला, “त्यांचं ते बघतील, गुरुजी. त्यांच्या जातीचा कायदा हाय तो.”

हवालदार वाईट नव्हता. त्याच्या साऱ्या पिढीची समजूत तीच होती. त्या कड्यातल्या प्रत्येक पुरुषाचा त्या निकालाला होकार होता. देवाच्या दारात, परंपरेप्रमाणे, सर्वानुमते झालेला निवाडा होता तो. धर्माचाही आधार आणि बहुमताचाही. मत विचारलं नव्हतं ते फक्त त्या बाईचं.

हे बदलायला फार वर्षं लागली. नाशिकला एका बापानं जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गर्भवती मुलीचा जीव घेतल्यावर, २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. वाळीत टाकलेली माणसं पुढे येऊन बोलू लागली. काही जमातींनी आपल्या पंचायती स्वतःहून बरखास्त केल्या. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. एखाद्याला वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्या बाईच्या बापाला तो चाळीसेक वर्षं आधी मिळायला हवा होता.

आता त्याच मढीतली अलीकडची गोष्ट.

२०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेनं ठराव केला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. कारण असं दिलं गेलं की यात्रेआधीचा महिना गाव व्रतस्थ राहतं. त्या काळात घरात तळण होत नाही, लग्नकार्य होत नाही, शेतीची कामं थांबतात. बाहेरून येणारे हे व्यापारी ते पाळत नाहीत, म्हणून भावना दुखावतात. गावातूनच या ठरावावर आक्षेप आले. पाथर्डीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी तो राज्यघटनेला धरून नसल्याचं सांगितलं. वर्तमानपत्रांत आठवडाभर गाजलं आणि मग पुढची बातमी आली.

माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही. झाडाखालच्या पंचायतीकडे कागद नव्हता, शिक्का नव्हता, इतिवृत्त नव्हतं. ग्रामसभा ही तर घटनेनं दिलेली. १९९२ ची त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली, पुढच्या वर्षी ती अमलात आली, आणि गावाला आपला कारभार आपण ठरवण्याचा हक्क मिळाला, म्हणून आम्ही आनंदलो होतो. पाणी कुठून आणायचं, गायरान कसं राखायचं, घरकुलाच्या यादीत कोण, हे गावानं ठरवावं यापरतं चांगलं काय? त्याच सभेत सूचक आणि अनुमोदक घेऊन माणसांच्या एका गटाला बाजाराबाहेर ठेवण्याचा ठराव होतो, तेव्हा झाडाखालचं ते कडंच नव्या वेशात उभं राहिल्यासारखं मला दिसतं. आजीला चिमूटभर जास्तीचं कुंकू टाकणारा अत्तार त्या कड्याबाहेर आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा पुतण्यानं विषय काढला. चांगला शिकलेला पोरगा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, गावच्या कामात पुढे असतो. आमच्या गावच्या भैरवनाथाच्या चैत्रातल्या यात्रेलाही असाच ठराव करावा, असं त्याच्या मित्रांचं म्हणणं होतं.

“काका, गाव आपलं, देव आपला, यात्रा आपली,” तो म्हणाला. “शंभरातल्या नव्वद जणांना नको असेल तर नियम का नको करायचा? लोकशाही म्हणजे बहुमतच ना?”

“तू तो महिना पाळतोस?” मी विचारलं.

“पाळतो की. तळण खात नाही, दाढी करत नाही.”

“मग ते चांगलंच आहे. मीही पाळतो. पण जो आपल्या देवाचा नाही त्यानं आपलं व्रत पाळलं नाही, म्हणून त्याचं पोट बंद करायचं?”

“पोट कुठं बंद होतंय? दुसरीकडं जाईल तो.”

“दुसऱ्या गावानंही हाच ठराव केला तर?”

तो गप्प झाला नाही, आणि मला ते आवडलं. त्यानं मला शेवटपर्यंत अडवलं. त्याचं म्हणणं असं की कायद्याला नीती कुठून मिळते? माणसांच्या मनातूनच ना? आणि माणसांच्या मनात नीती धर्मानंच रुजवली. मग धर्माला कायद्यातून हाकलून द्यायचं म्हणजे मुळावरच कुऱ्हाड. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला झटक्यात उत्तर देणं बरं नाही. वारकऱ्यांनी वाळवंटात एकमेकांच्या पाया पडण्याचा जो शिरस्ता घातला, त्यातून समतेची काहीएक सवय या मातीला लागली, हे मी नाकारणार नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं ते विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून, आणि तो माणूस नखशिखांत श्रद्धाळू होता. पण त्या वेळी श्रद्धाळूंचं बहुमत गुरुजींच्या बाजूनं होतं का? नव्हतं. नाशिकला काळारामाच्या दारात १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालला, पाच वर्षं, आणि दार उघडलं नाही. तेव्हा मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता हे सांगायला नको. धर्मातली चांगली नीती कायद्यात आली ती बहुतेक वेळा धर्ममार्तंडांच्या आणि बहुसंख्यांच्या इच्छेविरुद्ध, आणि आली ती प्रत्येकाला पटवता येईल अशा कारणांवर, ‘आमच्या देवाला असं आवडतं’ एवढ्या आधारावर नव्हे.

हे बोलताना मला आमच्याच जिल्ह्यातलं शिंगणापूर आठवत होतं.

माझ्या लहानपणी शनिशिंगणापूर म्हणजे उघड्यावरची काळी शिळा, भोवती चौथरा आणि शेतं. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून त्याचं कौतुक होतंच, पण गर्दी नसायची. शनिवारी अमावास्या आली तर थोडी माणसं. पुरुष विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानं चौथऱ्यावर चढत आणि शिळेवर तेल घालत. बायका खाली. आईनं घरून तेलाची वाटी आणलेली होती. नऊ-दहा वर्षांचा मी ती घेऊन वर गेलो. नवस तिचा, उपास तिचा, तेल तिनं साठवलेलं, आणि देवाला घातलं मी. खाली उतरलो तेव्हा तिनं हात जोडलेले होते. मी तिला विचारलं की तू का नाही आलीस. “बायांनी जायचं नसतं,” एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाईट वाटलं नव्हतं हे खरं. पण तिला वाईट वाटायची मुभा तरी होती का, हे मला फार उशिरा सुचलं.

पुढे शिंगणापूर वाढलं. सिनेमा निघाला, कॅसेट निघाल्या, दिल्लीपासून गाड्या येऊ लागल्या. नव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, प्रा. एन. डी. पाटील यांनी स्त्रियांना चौथऱ्यावर जाऊ द्यावं म्हणून आंदोलन केलं, न्यायालयात गेले. जिल्हाभर विरोध झाला. चारशे वर्षांची परंपरा असं म्हटलं गेलं. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी एक तरुणी चौथऱ्यावर चढून तेल घालून आली, तर दुसऱ्या दिवशी देवाला दुधाचा अभिषेक करून शुद्धी झाली आणि कर्मचारी निलंबित झाले. त्यानंतरच्या जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला आली. तरी चौथऱ्याचा नियम तोच राहिला. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या शेकडो बायका पुण्याहून निघाल्या. त्यांना पोलिसांनी सुप्याला अडवलं. प्रजासत्ताक दिनी, आमच्याच जिल्ह्यात.

मग विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं नवा काही शोध लावला नाही. १९५६ चाच कायदा होता. सार्वजनिक हिंदू मंदिरात कुठल्याही वर्गातल्या हिंदूला प्रवेश नाकारता येणार नाही, नाकारला तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. हा कायदा झाला दलितांसाठी. साठ वर्षं तो पुस्तकात होता आणि त्यात बायका बसत होत्या, फक्त तसं वाचायचं कोणाच्या मनात नव्हतं. जिथं पुरुष जातो तिथं बाई का नाही, असा साधा प्रश्न खंडपीठानं विचारला, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला सरकारनं कायदा पाळण्याची हमी दिली. दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी बायकांना अडवलं. देवस्थाननं एक पळवाट काढली की पुरुषांनाही वर सोडायचं नाही, म्हणजे भेदभावाचा प्रश्नच मिटला. पण ८ एप्रिलला पाडवा होता. त्या दिवशी नदीचं पाणी कावडीनं आणून देवाला घालण्याची रीत आहे. पुरुषांचा जमाव अडथळे ओलांडून चौथऱ्यावर चढला. आता त्यांना जाऊ दिलं आणि बायकांना नाही, हे कायद्यानं चालणारं नव्हतं. त्याच दुपारी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला, आणि संध्याकाळी बायका वर गेल्या.

आई त्या आधीच गेली होती. असती तर ती वर चढली असती का? मला वाटतं, नसती चढली. तो तिचा हक्क होता, आणि न चढणं हाही. कायद्यानं तिला तिच्या श्रद्धेतून ओढून काढावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्या न चढण्याला तिच्या इच्छेचं मोल तेव्हाच आलं असतं, जेव्हा दुसरी एखादी बाई तिच्या शेजारून वर जाऊ शकली असती.

त्याच नेवासे तालुक्यात, शिंगणापूरपासून थोड्या अंतरावर, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैसाचा खांब आहे. शके १२१२. ज्ञानदेवांच्या आईबापांना ब्रह्मवृंदानं देहान्त प्रायश्चित्त दिलं आणि चौघा लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून धर्माबाहेर ठेवलं, अशी कथा आपल्याला पाठ आहे. शाळेत असताना आम्ही डोळे पुसत ती ऐकायचो. ब्रह्मवृंद चुकला असं शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही वाटायचं. तीही सभाच होती, तीही धर्माला धरून, सर्वानुमते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असाव्यात असं मला वाटतं. एक, घटनेला धरून चालण्याची नीती माणसात जन्मजात नसते. ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. दोन, मसुद्यानं गाव हा पाया धरला नाही, माणूस धरला, याचं त्यांना समाधान आहे. या दुसऱ्या मुद्द्यावर तेव्हाही अनेक सभासद नाराज झाले. गावावर प्रेम करणाऱ्या मलाही तरुणपणी ते बोचलं होतं. झाडाखालची ती बाई, चौथऱ्याखालची आई आणि बाजाराबाहेरचा अत्तार एका ओळीत आठवले, की बाबासाहेब तसं का म्हणाले हे कळतं. गाव सगळं मिळून चूक करू शकतं. तेव्हा एकट्या माणसाला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा गावाच्या मताच्या वर असावी लागते. दुकानं, विहिरी, रस्ते, लोकांसाठी खुल्या जागा यांत धर्मावरून, जातीवरून, लिंगावरून कोणाला अडवू नये, असं घटनेचं पंधरावं कलम सांगतं. त्याला ‘गावाची इच्छा असल्यास’ अशी पुस्ती जोडलेली नाही.

बहुमत नेहमीच चुकतं असंही नाही. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे गावात परतले, यादवबाबांच्या देवळात शपथा झाल्या, दारूच्या भट्ट्या बंद पडल्या. देव आणि गाव दोन्ही एका बाजूला उभे राहिले आणि बायकांच्या जिवाला सुख मिळालं. पुढे राज्यात बाटली आडवी करण्याचा नियम आला. गावातल्या निम्म्याहून जास्त स्त्री मतदारांनी कौल दिला तर दारूचं दुकान बंद. ते मला मान्य आहे, कारण दुकानाचा परवाना हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे आणि दुकान बंद झालं तर ते सगळ्यांसाठीच होतं. पण त्याच राळेगणात सुरुवातीला दारुड्यांना खांबाला बांधून मारत, हे अण्णांनी स्वतःच सांगितलं आहे. तिथं मी थांबतो. हेतू कितीही चांगला असो, गावानं एका माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही.

पुतण्याला मी बेळगावच्या सविता हलप्पनवारची गोष्ट सांगितली. ती दंतवैद्य होती, आयर्लंडला गेली होती. त्या देशानं १९८३ मध्ये सार्वमत घेऊन, सुमारे ६७ टक्के मतांनी, गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घातली. कॅथलिक धर्माची नीती आणि लोकांचं भक्कम बहुमत, दोन्ही होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सविताचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. तिनं गर्भपात मागितला, पण ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. अंगात जंतुसंसर्ग पसरून ३१ व्या वर्षी ती गेली. ती त्या धर्माची नव्हती, त्या देशाची नागरिकही नव्हती. २०१८ मध्ये पुन्हा सार्वमत झालं आणि सुमारे ६६ टक्क्यांनी ती बंदी काढून टाकली. जवळजवळ तेवढंच बहुमत, उलट बाजूला.

“म्हणजे शेवटी लोकांनीच दुरुस्त केलं ना,” पुतण्या म्हणाला.

“केलं. पस्तीस वर्षांनी. सविताला परत आणता आलं नाही.”

हा प्रश्न फक्त आपल्या धर्माचा नाही, हेही त्याला सांगावं लागलं, कारण त्याची पुढची ओळ तीच होती: “त्यांच्यात चालतं ते?” मुंबई राज्यानं १९४९ मध्ये जातीबाहेर, पंथाबाहेर टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धार्मिक कारणानं बाहेर टाकणं हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे असं बहुसंख्य न्यायाधीशांचं मत पडलं. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळा निकाल दिला होता. २०२३ च्या फेब्रुवारीत हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. बोहरा समाजातल्या वाळीत टाकलेल्या माणसाला मशीद आणि कबरस्तान बंद होतं, तेव्हा ते मढीच्या झाडाखालच्या निवाड्याइतकंच चूक आहे. धर्म कोणाचा हे बघून आपण माप बदललं, तर मग ते माप राहत नाही.

आता आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. चोंडीच्या या लेकीनं आपल्या राज्यात निपुत्रिक विधवांची मालमत्ता जप्त करण्याची जुनी रीत मोडली आणि त्यांना दत्तक घेण्याची मोकळीक दिली, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. तिच्याइतकी शिवभक्त राज्यकर्ती शोधून सापडायची नाही. देवळं बांधणारा हात आणि विधवेच्या घरावरची जप्ती उठवणारा हात एकाच बाईचे होते, आणि जप्ती उठवताना तिनं रीतीला विचारलं नाही. तिचं नाव लावून घेतलेल्या जिल्ह्यात यात्रेतल्या दुकानदाराचा धर्म विचारला जावा, याचं मला दुःख आहे आणि रागही आहे.

पुतण्याशी बोलणं संपलं तेव्हा त्याचं मत बदललं होतं असं मी म्हणणार नाही. त्याचे मित्र ठराव आणणारच आहेत असं तो म्हणाला. चैत्राच्या यात्रेआधी ग्रामसभा असते आणि माझं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. मी जाणार आहे. देवळाची वर्गणी, पाण्याचे टँकर, कुस्त्यांचा फड, मांडवाचा खर्च यांच्या ठरावांना हात वर करणार आहे. तो एक ठराव आला तर त्याला विरोध करणार आहे, आणि विरोध केल्याची नोंद माझ्या नावासह इतिवृत्तात लिहून मागणार आहे. पुतण्यानं मला गाडीनं न्यायचं कबूल केलं आहे.